जपून वापरलेली इलेक्ट्रिक गिटार विकताना

इलेक्ट्रिक गिटार विकायची वेळ अनेकांवर कधी ना कधी येते. शिक्षण संपवून नोकरीच्या गावी जायचे असते, बँड मोडलेला असतो, हात बसल्यामुळे आता वरच्या दर्जाचे वाद्य घ्यायचे असते, किंवा कपाटावर धूळ खात पडलेले वाद्य पाहवत नाही. पहिल्यांदा विकणारा माणूस एक तर घाईने पहिल्या विचारणाऱ्याला मिळेल त्या भावात गिटार देऊन टाकतो, नाही तर आपण ती किती जपली या अभिमानापोटी जवळजवळ नव्याची किंमत सांगून सहा महिने वाट पाहत बसतो. पुण्यात गिटार शिकवताना विद्यार्थ्यांची बरीच वाद्ये या हातून त्या हाती जाताना मी पाहिली आहेत आणि त्यातून माझे ठाम मत झाले आहे की, खरेदीदाराने विचारण्याच्या आधीच वाद्याबद्दल सगळे काही, त्यातील दोषांसकट, सांगून टाकणारा विक्रेता लवकर आणि चांगल्या भावात विकतो. आपल्याकडे वापरलेली गिटार घेणारा बहुधा नवशिका विद्यार्थी असतो किंवा त्याचे आईवडील असतात. त्यांना वाद्य पारखता येत नाही, म्हणून ते माणूस पारखतात.

आधी वाद्याची ओळख पटवावी

“यामाहाची गिटार” एवढ्या माहितीवर किंमत ठरत नाही. यामाहाने 1990 मध्ये आणलेली पॅसिफिका मालिका आपल्याकडच्या क्लासमध्ये सर्रास दिसते. तिच्यातील 112जे आणि 112व्ही लांबून सारख्याच वाटतात, दोन्हींना तारांचे कंपन टिपणारे तीन पिकअप असतात: एकेका कॉइलचे दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजजवळ, म्हणजे देहावर तारा टेकतात त्या भागाजवळ, दोन कॉइलचा एक हंबकर. पण 112व्हीमध्ये टोनची नॉब वर ओढली की हंबकरची एक कॉइल बंद होऊन सिंगल कॉइलसारखा आवाज मिळतो आणि 112जेमध्ये ती सोय नाही. जाणकार खरेदीदार हा प्रश्न पहिल्याच संदेशात विचारतो, तेव्हा उत्तर तयार असावे.

मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक बहुतेक गिटारींवर हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाला खुंट्या असलेल्या भागाच्या) मागे किंवा मान जिथे देहाला जोडलेली असते तिथल्या धातूच्या पट्टीवर सापडतो. स्क्वायर या अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या स्वस्त ब्रँडच्या अनुक्रमांकात आयसीएस ही अक्षरे आणि पुढे 14 हे अंक असतील तर ती गिटार इंडोनेशियात कॉर्ट या कंपनीच्या कारखान्यात 2014 मध्ये तयार झालेली असते. फेंडरच्या 2010 पासूनच्या गिटारींवर मेक्सिकोसाठी एमएक्स आणि अमेरिकेसाठी यूएस ही अक्षरे येतात, त्यापुढचे दोन अंक वर्षाचे असतात. गिब्सनच्या 1977 नंतरच्या नेहमीच्या पद्धतीत पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते, तर मधले तीन अंक त्या वर्षातला कितवा दिवस हे सांगतात. गिब्सनच्या नावाच्या नकली गिटारीही बाजारात फिरतात. हेडस्टॉकवरचे घंटेच्या आकाराचे झाकण दोनऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेले असेल तर शंका घ्यावी. तुम्ही स्वतःच ती गिटार दुसऱ्याकडून घेतली असेल आणि अस्सलपणाची खात्री नसेल, तर एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या नावाने ती विकू नये.

याच वेळी मूळ बिल, बॅग किंवा केस, अ‍ॅलन की (षटकोनी चावी), ट्रेमोलोचा (स्वर थरथरवण्याचा) दांडा, पट्टा आणि कधी काढून ठेवलेले मूळ सुटे भाग एका जागी गोळा करावेत. बिल फार महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून खरेदीची तारीख कळते आणि वाद्य चोरीचे नाही याचा भरवसाही मिळतो.

तपासणी

ट्यूनर, मऊ सुती कापड, जुना टूथब्रश आणि निवांत दोन तास एवढे साहित्य पुरते. घाई असेल तर हे काम पुढच्या रविवारावर ढकलावे, पण टाळू नये, कारण जे दोष तुम्हाला घरी सापडत नाहीत ते खरेदीदाराच्या हाती गिटार गेल्यावर पाच मिनिटांत सापडतात आणि मग सांगितलेल्या किमतीतून दोन-तीन हजार रुपये जागच्या जागी गळतात.

गिटार अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जोडून, आवाज स्वच्छ ठेवून, प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून) शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवावा. तंबोऱ्याची जवारी जुळावी म्हणून आपल्याकडचे कलाकार जिवाचे रान करतात, पण गिटारच्या एखाद्या ठरावीक फ्रेटवरच येणारी झणझण हा दोष असतो. तिथला फ्रेट झिजलेला तरी असतो किंवा शेजारचा वर आलेला असतो. नंतर पातळ तारा बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पूर्ण एक स्वर चढेपर्यंत ओढून पाहाव्यात. स्वर मध्येच गुदमरला तर त्याची नोंद करावी. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली पडलेल्या खाचा तिरप्या उजेडात नीट दिसतात. हलक्या खाचा घासून समतल करता येतात, पण खोल खाचांसाठी फ्रेट बदलावे लागतात आणि स्वस्त गिटारीवर तो खर्च परवडत नाही, म्हणून असा खर्च स्वतः करण्यापेक्षा तेवढी किंमत कमी करणे शहाणपणाचे ठरते.

मान सरळ आहे का हे पाहण्यासाठी जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने मान देहाला मिळते त्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांत किती फट राहते ते पाहावे. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे जेमतेम व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट ठीक समजावी. फट फारच जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर मानेतील ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक ठरवणारा धातूचा दांडा, फिरवावा लागतो. हे काम तुम्ही आधी कधी केले नसेल तर विक्रीच्या आदल्या दिवशी शिकू नये. चुकीच्या मापाच्या अ‍ॅलन कीने रॉडचा नट खराब झाला तर चांगली गिटार कायमची अधू होते. गावातल्या विश्वासू कारागिराकडून सेटअप, म्हणजे मान, तारांची उंची आणि सुरांची जुळणी, करून घ्यावा आणि त्याची पावती जपून ठेवावी, कारण ती जाहिरातीत उपयोगी पडते.

इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर राहतो का, ते पाहायला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट फक्त टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे सरकवावे. हे काम सोपे असून स्क्रू ड्रायव्हरशिवाय काही लागत नाही, मात्र ते नव्या तारांवरच करावे.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर बहुतेक वेळा आत धूळ बसलेली असते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर नॉबखालच्या भागाच्या, म्हणजे पॉटच्या, फटीत थोडासा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवली की आवाज स्वच्छ होतो. गंज सोडवायचे साधे तेलकट स्प्रे मात्र इथे वापरू नयेत. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर बाहेरची चकती सैल आहे का ते पाहावे. सिंगल कॉइल पिकअपमधून येणारे मंद गुंजन हा दोष नव्हे, त्या रचनेचा गुण आहे, आणि हंबकर हा प्रकार 1950 च्या दशकात गिब्सनमध्ये निघाला तो हेच गुंजन घालवण्यासाठी. पण घरातल्या प्लगला अर्थिंग नसेल तर गुंजन फार वाढते आणि खरेदीदार ते गिटारच्या माथी मारतो, म्हणून जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर कोणता प्लग चांगला आहे हे आधीच शोधून ठेवावे.

साफसफाई

रोझवूडच्या काळसर फिंगरबोर्डवर (मानेच्या ज्या पट्टीवर बोटे दाबतात तिच्यावर) बोटांचा मळ बसतो. तो कोरड्या टूथब्रशने सैल करावा आणि मग लेमन ऑइलचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन पुसावे. मेपलचा पिवळसर, लॅकर लावलेला फिंगरबोर्ड असेल तर तेल लावायचे कारण नाही, किंचित ओलसर कापड पुरते. फ्रेट चमकवायला चार शून्यांची बारीक स्टील वूल चालते, पण तिचे कण पिकअपच्या लोहचुंबकाला चिकटतात, म्हणून पिकअप आधी कागदी टेपने पूर्ण झाकावेत. गिब्सनच्या बऱ्याच गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असते आणि ते रसायनांना नाजूक असते, त्यामुळे त्यांच्या देहाला सॅनिटायझर किंवा मोटारीचे पॉलिश कधीही लावू नये.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील खाऱ्या दमट हवेत तारा आणि सॅडलचे स्क्रू गंजतात. उलट विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात लाकूड आक्रसून फ्रेटची टोके मानेच्या कडेला बोचू लागतात. तुमची गिटार कुठल्या हवेत राहिली आहे हे खरेदीदाराला सांगणे हिताचे असते, विशेषतः ती दादरहून नागपूरला जाणार असेल तर.

तारा नव्या घालाव्यात. पॅसिफिका किंवा फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारीला बहुधा 9–42 आणि गिब्सनच्या लेस पॉल प्रकारच्या गिटारीला 10–46 हा संच लागतो (हे आकडे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे असतात). आधी जे माप होते तेच ठेवावे, नाही तर सेटअप बिघडतो. नव्या तारा बसायला एखादा दिवस लागतो, म्हणून त्या भेटीच्या आदल्या दिवशी घालून, हलक्या हाताने ताणून, तीन-चार वेळा सुरात लावाव्यात.

उडालेला रंग नेलपॉलिशने किंवा मार्करने बुजवू नये. असा डाग लगेच ओळखू येतो आणि एकदा तो सापडला की तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. कोपऱ्यावरचा टवका जसा आहे तसा दाखवला तर बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात.

किंमत कशी ठरवावी

तुमच्या बिलावरचा आकडा बाजूला ठेवावा आणि आज तेच मॉडेल नवे कितीला मिळते हे पाहावे. मुंबईत 1865 पासून चालत आलेल्या फुर्तादोजसारख्या दुकानात किंवा मोठ्या विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर हे भाव पाहता येतात. छापील किमतीवर सूट मिळत असेल तर सूट वजा जाता उरलेला भावच खरा धरावा, कारण खरेदीदार तुमच्या किमतीची तुलना त्याच्याशी करणार असतो.

समजा, आजचा भाव 30,000 रुपये आहे. बिल, चांगली बॅग आणि ताजा सेटअप असलेल्या, क्वचित टवका पडलेल्या गिटारीसाठी माझ्या अनुभवात 60 ते 70 टक्के ही वाजवी मर्यादा ठरते. म्हणून जाहिरातीत 21,000 लिहावे, मनाशी 18,000 ही शेवटची रेघ आखावी आणि ती कागदावर लिहून ठेवावी, कारण समोर बसलेल्या माणसाच्या आर्जवांपुढे मनातली रेघ सहज पुसली जाते. वापरलेली वस्तू घेणारा हमी सोडतो, रंग निवडायची मुभा सोडतो आणि पुढे निघणाऱ्या दुरुस्तीची जोखीम पत्करतो. उरलेले 30-40 टक्के त्याचेच असतात.

विक्रेत्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे बदललेल्या भागांचे पैसे परत मिळत नाहीत. आठ हजारांचे पिकअप बसवले म्हणून किंमत आठ हजारांनी वाढत नाही, कारण तो आवाज तुमच्या आवडीचा असतो. मूळ पिकअप जपले असतील तर ते परत बसवून नवे वेगळे विकणे जास्त फायद्याचे पडते.

जुनी म्हणून मोलाची हा समजही इथे चालत नाही. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याचा भोपळा आणि लाकूड मुरत जाते आणि जाणकार जुन्या वाद्याला मान देतात, त्यामुळे आपल्या घरांत ही कल्पना रुजली आहे. इलेक्ट्रिक गिटारीत मात्र 1954 च्या सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टर किंवा 1950 च्या दशकातील लेस पॉल यांसारख्या थोड्याच वाद्यांना संग्राहकांची किंमत असते. पंधरा वर्षांपूर्वीची नवशिक्यांसाठीची गिटार ही चांगली वापरलेली गिटार असते, त्याहून जास्त काही नाही.

अ‍ॅम्प आणि पेडल (आवाजाला इफेक्ट देणारे) असतील तर त्यांच्या किमती वेगळ्या लिहाव्यात आणि सगळे एकत्र घेणाऱ्याला थोडी सूट द्यावी. दुकानदार वापरलेले वाद्य घेत असेल तर त्याच्याकडून भाव कमीच मिळतो, कारण त्यालाही ते पुढे विकायचे असते. वेळ नसेल तरच तो मार्ग धरावा. हंगामाचाही विचार करावा. जून-जुलैमध्ये महाविद्यालये सुरू होताना विचारणा वाढते, तर दसरा-दिवाळीला दुकानांत सवलती असतात आणि मुहूर्तावर नवीच वस्तू घ्यावी अशी घरोघरी इच्छा असते, म्हणून मी तरी त्या पंधरवड्यात जाहिरात देत नाही.

छायाचित्रे आणि जाहिरात

सकाळी खिडकीजवळच्या मऊ उजेडात, साध्या चादरीवर गिटार ठेवून दहा-बारा छायाचित्रे घ्यावीत: पूर्ण पुढून, पूर्ण मागून, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, पहिले पाच फ्रेट जवळून, ब्रिज, नॉब, मान आणि देहाचा सांधा, आणि प्रत्येक ओरखडा स्वतंत्रपणे. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन-तीन आकडे झाकावेत. त्यासोबत एका दमात घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ असावा, ज्यात कोणताही इफेक्ट न लावता पिकअप निवडण्याच्या स्विचच्या प्रत्येक स्थानातला आवाज ऐकू येईल आणि प्रत्येक नॉब एकदा फिरवलेली दिसेल. तुमचे वादन साधे असले तरी चालेल, ऐकणाऱ्याला वाद्य ऐकायचे असते.

मजकूर असा लिहिता येईल: “यामाहा पॅसिफिका 112व्ही, 2019 मध्ये पुण्यात नवी घेतली, मूळ बिल आहे. एकाच व्यक्तीने घरी वापरली. गेल्या महिन्यात सेटअप केला, पावती आहे. तारा नव्या, 9–42. खालच्या कडेला नखाएवढा टवका आहे आणि दुसऱ्या फ्रेटवर हलकी खाच आहे, वाजवताना त्रास होत नाही. दोन्हींची छायाचित्रे जोडली आहेत. सोबत बॅग, ट्रेमोलोचा दांडा आणि अ‍ॅलन की. किंमत 21,000 रुपये. प्रत्यक्ष वाजवून पाहून घ्यावी.” ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात देण्याआधी ती गिटारच्या क्लासमध्ये आणि शहरातल्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात द्यावी, कारण ओळखीतून येणारा माणूस वायफळ घासाघीस कमी करतो आणि वाद्यही वाजत्या हातात जाते.

भेट आणि पैसे

अनोळखी माणसाला घरी बोलावण्यापेक्षा तासावर मिळणारी जॅमरूम (वादनाच्या सरावाची खोली) उत्तम. तिथे चांगला अ‍ॅम्प असतो, माणसांचा वावर असतो आणि वाजवायला संकोच वाटत नाही. खरेदीदार नवशिका असेल तर त्याने आपल्या शिक्षकाला किंवा वाजवणाऱ्या मित्राला सोबत आणावे असे आपणच सुचवावे. त्याला अर्धा तास एकट्याला वाजवू द्यावे, मध्ये बोलू नये. सांगितलेले दोष स्वतःच्या बोटाने पुन्हा दाखवावेत. भाव ठरताना तो कोणत्या कारणाने कमी मागतो आहे ते विचारावे. कारण खरे असेल तर थोडे सोडावे, आणि कारणच नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे.

पैशांच्या बाबतीत मात्र कडक राहावे. गिटार न पाहताच पूर्ण किंमत मान्य करणारा, आपण दूरच्या गावी नोकरीवर आहोत असे सांगणारा आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडणारा माणूस फसवणूक करत असतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे असेच पैसे गेले आणि तेव्हापासून ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. पैसे भरल्याचे छायाचित्र किंवा मोबाइलवर आलेला संदेश हा पुरावा धरू नये, आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा रक्कम डोळ्यांनी पाहावी आणि मगच गिटार हातात द्यावी. फसवणूक झालीच तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

दोन ओळींची पावती दोघांच्या सह्यांनी करावी: मॉडेल, पूर्ण अनुक्रमांक, रक्कम, तारीख, आणि दोष पाहून वाद्य घेतले हे वाक्य. मूळ बिल खरेदीदाराला द्यावे आणि त्याचे छायाचित्र आपल्याकडे ठेवावे.

परगावी पाठवायची असेल तर

शक्य असेल तोवर स्वतः रेल्वेने नेऊन द्यावी किंवा खरेदीदाराला यायला सांगावे. खासगी बसच्या डिकीत पार्सल टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तिथली उष्णता आणि वर पडणाऱ्या बॅगा पाहता मी गिटारीसाठी ती सुचवणार नाही.

कुरिअरने पाठवताना तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण काढू नयेत. ट्रेमोलोचा दांडा काढून वेगळा गुंडाळावा आणि अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर 9 व्होल्टची बॅटरी काढून घ्यावी. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये कागदाची घडी सरकवावी. सर्वांत जास्त काळजी हेडस्टॉकची घ्यावी, त्यातही गिब्सन किंवा एपिफोनच्या लेस पॉलची, कारण तिचे हेडस्टॉक मागे कललेले असते आणि मानेच्या त्या अरुंद जागेत लाकडाच्या रेषा आडव्या जातात, त्यामुळे खोके उभे आपटले तर तडा तिथेच जातो. फेंडर प्रकारचे सपाट हेडस्टॉक त्या मानाने दणकट असते. बॅगेच्या आत हेडस्टॉकखाली आणि मानेखाली कापडाच्या घट्ट गुंडाळ्या भराव्यात, बॅग पुठ्ठ्याच्या गिटारच्या खोक्यात ठेवावी आणि खोके हलवून आत काही सरकत नाही याची खात्री करावी. असे खोके वाद्यांच्या दुकानात मागितले तर बहुधा मिळते. पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचा व्हिडिओ घ्यावा, पार्सलची खरी किंमत जाहीर करून विमा घ्यावा आणि खरेदीदारालाही खोके उघडतानाचा व्हिडिओ घ्यायला सांगावे. गिटार पोहोचल्यावर त्याने तारा हळूहळू सुरात आणाव्यात आणि नव्या गावच्या हवेशी मान जुळेपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन दिवस, ट्रस रॉडला हात लावू नये, हे त्याला फोन करून सांगावे.